टोल्किनच्या अर्धवट राहिलेल्या दीर्घकविता वाचायच्या कशा

लॉर्ड ऑफ द रिंग्ज झालं, सिल्मरिलियनपण नेटाने संपवलं, आता पुढे काय म्हणून विचारलं की कोणीतरी हमखास 'द लेज ऑफ बेलेरियांड' हे टोल्किनच्या अर्धवट दीर्घकवितांचं पुस्तक सुचवतं, मग माणूस ते मागवतो, पहिल्या वीसेक पानांत जुन्या वळणाचं इंग्लिश, ओळींचे नंबर, टीपा, 'ए' हस्तलिखितात असं आहे आणि 'बी' मध्ये तसं आहे हे सगळं बघतो आणि पुस्तक कपाटात जातं ते जातंच. वाचणाऱ्याची कुवत कमी असते असं नाही, बहुतेक वेळा पुस्तक चुकीच्या पानापासून सुरू केलेलं असतं. कुठून सुरू करायचं, काय सोडायचं आणि काय तोंडाने म्हणायचं एवढं आधी माहीत असेल तर यातला बराचसा भाग वाचता येतो, आणि माझं मत विचाराल तर टोल्किनने लिहिलेल्या सगळ्यात भारी पानांपैकी काही इथेच आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'मरणोत्तर प्रकाशित, अपूर्ण' असं वाचलं की वाटतं म्हातारपणी लिहायला घेतलं आणि मध्येच गेले. तसं अजिबात नाहीये. टोल्किन गेले १९७३ साली. ह्या पुस्तकातली पहिली मोठी कविता, ह्युरिनच्या मुलांची, त्यांनी लीड्समध्ये शिकवत असताना लिहिली आणि १९२५ च्या सुमारास सोडून दिली, कारण त्याच उन्हाळ्यात त्यांनी दुसरी सुरू केली, बेरेन हा माणूस आणि लूथिएन ही एल्फ राजकन्या यांच्या प्रेमाची, म्हणजे 'द ले ऑफ लेथियन'. ती चालली १९३१ च्या सप्टेंबरपर्यंत आणि तीपण थांबली. म्हणजे दोन्ही कविता लेखक जिवंत असताना चाळीस-पन्नास वर्षं अपुऱ्याच राहिल्या. मुलगा ख्रिस्तोफर टोल्किन याने वडिलांचे कागद लावत लावत 'हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ' ही बारा खंडांची मालिका काढली, १९८३ ते १९९६, त्यातला तिसरा खंड म्हणजे हे पुस्तक, १९८५ चं. हे लक्षात ठेवायचं कारण असं की तुम्ही वाचताय तो एका तिशीतल्या प्रोफेसरचा मजकूर आहे, ज्याचं हॉबिट अजून छापलेलं नाही आणि ज्याला पुढे काय होणार याची कल्पना नाही. तो माणूस डोळ्यांसमोर ठेवला की भाषेतला तो थोडासा अति उत्साह पण सहन होतो.

तर पहिलं काम, गोष्ट आधी माहीत करून घ्या. इथे स्पॉयलरची भीती बाळगण्यात काहीच अर्थ नाही, कविता अपूर्ण आहे, शेवट तिच्यात नाहीच, मग सस्पेन्स कशासाठी राखायचा. सिल्मरिलियनचं एकोणिसावं प्रकरण बेरेन-लूथिएनचं आणि एकविसावं ट्युरिनचं, म्हणजे ह्युरिनच्या मुलाचं, ही दोन वाचून घ्या, संपूर्ण सिल्मरिलियन वाचलं नसेल तरी ही दोन चालतील. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्याला सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे ठाऊकच असतं, बुवा ते सांगतात कसं हे ऐकायला लोक जातात, तोच नियम इथे लावा. आणि एक फायदा म्हणजे एकोणिसाव्या प्रकरणात फेलागुंड हा एल्फ राजा आणि सॉरॉन यांच्यातलं गाण्याचं द्वंद्व कवितेत दिलेलं आहे ना, ते थेट ह्याच लेथियनमधून उचललेलं आहे. म्हणजे नकळत थोडं वाचून झालेलंच असतं.

दुसरं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. पुस्तकात ट्युरिनची कविता आधी येते कारण ती आधी लिहिली गेली, ख्रिस्तोफर कालक्रमाला पक्का. पण ती अनुप्रासाच्या जुन्या इंग्लिश वृत्तात आहे, कान तयार नसेल तर दमछाक होते. लेथियन आठ-आठ अक्षरांच्या यमकी जोड-ओळींत आहे, ती सोपी, ओळखीची, गाण्यासारखी पुढे पळते. आधी लेथियन, मग ट्युरिन, हा क्रम ठेवा. मधल्या भागात काही सुरू करून सोडलेल्या छोट्या कविता आहेत, नोल्डोलींचं पलायन, एआरेंडेल, गोंडोलिनचा पाडाव वगैरे, त्या पहिल्या फेरीत सरळ ओलांडून जा, काही बिघडत नाही.

लेथियनमध्येसुद्धा पहिल्या सर्गापासूनच सुरुवात करायला हवी असं काही नाही. सर्ग चौदा, ओळी ४,२०० च्या वर. मी कोणाला सांगायचं झालं तर तिसरा सर्ग आधी वाचायला सांगतो, जिथे सगळं गमावलेला बेरेन डोंगर ओलांडून डोरियाथच्या जंगलात येतो आणि डायरॉन बासरी वाजवतोय, लूथिएन नाचतेय, हे झाडाआडून बघतो. ह्या प्रसंगामागे खरी गोष्ट आहे, १९१७ साली यॉर्कशरमधल्या रूस गावाजवळ, फ्रान्सच्या आघाडीवरून आजारी होऊन परतलेल्या टोल्किनसाठी बायको एडिथ पांढऱ्या फुलांच्या झुडपांत नाचली होती आणि ते त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं, इतकं की ऑक्सफर्डच्या वोल्व्हरकोट दफनभूमीत दोघांच्या थडग्यावर नावांखाली लूथिएन आणि बेरेन असं कोरलंय. हे माहीत असलं की तिसरा सर्ग नुसती परीकथा राहत नाही. मग सातवा सर्ग घ्या, तेच गाण्याचं द्वंद्व, मग नववा, जिथे हुआन कुत्रा लांडग्याचं रूप घेतलेल्या थूशी लढतो. थू म्हणजे सॉरॉनच, तेव्हा त्याचं नाव ते होतं, मराठी माणसाला वाचताना हसू येणार, येऊ द्या. हे तीन जमले की पहिल्यापासून सलग सुरू करा, तोपर्यंत लय अंगात मुरलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्याने वाचा. मनात वाचलं की डोळा ओळीच्या शेवटी यमकावर आपटतो, परत पुढच्या ओळीला सुरू, परत आपटतो, आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो, कारण त-डम त-डम त-डम त-डम असे चार ठोके आणि दर दोन ओळींना यमक हे चार हजार ओळी चालणार आहे. तोंडाने वाचताना मात्र एक युक्ती करा, ओळ संपली म्हणून थांबू नका, विरामचिन्ह येईल तिथेच थांबा. टोल्किन बऱ्याचदा वाक्य तीन-चार ओळी ओढत नेतो आणि भलत्याच जागी, ओळीच्या मध्यावर, तोडतो, तिथे श्वास घेतलात की यमक मागून हळूच ऐकू येतं, डोक्यात हातोड्यासारखं बसत नाही. एका बैठकीत एकच सर्ग पुरे. रात्री झोपायच्या आधी वाचणाऱ्यांनी दहावा-अकरावा जरा जागेपणी वाचावा, तिथे चाल मंद होते, फेआनोर ह्या एल्फच्या मुलांची भानगड आणि मग बेरेनचं एकट्याने निघून जाणं वगैरे आहे, झोप लागू शकते.

नावांच्या उच्चाराला घाबरायचं काहीच कारण नाही, उलट ह्यात मराठी माणूस इंग्रजापेक्षा पुढे आहे. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला लहानपणापासून माहीत, 'र' आपण जिभेने नीट वाजवतो, स्वर आपले स्वच्छ, टोल्किनला नेमकं हेच हवं होतं. सी हे अक्षर आलं की नेहमी 'क', म्हणून केलेगॉर्म, सेलेगॉर्म नाही. कार्खारोथमधला 'ख' आपला नाही, उर्दूतल्या 'ख़त'मधला घशातून घासून येणारा. टीएच म्हणजे आपला 'थ' नव्हे, जीभ दातांत ठेवून हवा सोडायची, इंग्लिश थिंकसारखा, पण 'थ' म्हटलात तरी कोणी पोलीस येणार नाहीत. यू किंवा ए वर तिरपी रेघ असली की स्वर लांब करा, लूथिएन. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या शेवटी परिशिष्ट ई मध्ये हे सगळं सविस्तर दिलंय, एकदा नजर टाकून घ्या.

नावांचा खरा घोळ वेगळाच आहे. ही नावं पुढे बदलली गेली, त्यामुळे सिल्मरिलियन वाचून आलेला माणूस जास्त गोंधळतो. सगळ्यात मोठा घोळ म्हणजे 'नोम्स'. हा शब्द वाचला की डोळ्यांसमोर बागेतले टोपीवाले बुटके येतात, पण इथे नोम्स म्हणजे नोल्डोर, तेच ते उंचपुरे गर्विष्ठ एल्फ. फेलागुंड म्हणजे फिनरॉड. ट्युरिनच्या कवितेतला फ्लिंडिंग म्हणजे पुढचा ग्विंडॉर. लेथियनच्या सुरुवातीच्या मसुद्यात बेलेरियांडचं नाव ब्रोसेलियांड होतं, हे तर सरळ आर्थरच्या कथांमधल्या जंगलावरून आलेलं. पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलीने ही चार-पाच नावं लिहून ठेवा, ईबुक असेल तर फोनच्या नोट्समध्ये, नाहीतर दर दहा पानांनी मागे जावं लागतं. आणि ईबुकवरच वाचणार असाल तर फोन आडवा धरा, उभ्या स्क्रीनवर लांब ओळ तुटून खाली येते आणि ओळ कुठे संपली तेच कळत नाही, ट्युरिनच्या कवितेत तर ह्याने पार वाट लागते.

ख्रिस्तोफरच्या टिपण्या कशा वाचायच्या? पुस्तकाची रचना अशी आहे की सर्ग, मग त्याच्या टीपा, मग भाष्य, मग पुढचा सर्ग. सलग वाचलं तर प्रत्येक सर्गानंतर गाडी प्लॅटफॉर्म नसलेल्या ठिकाणी उभी राहते. म्हणून दोन बुकमार्क ठेवा, एक कवितेत, एक भाष्यात, आणि पहिल्या वाचनात भाष्याला हात लावू नका. सगळी कविता झाल्यावर दुसऱ्या वेळी फक्त भाष्य वाचा, तेव्हा मात्र ते डिटेक्टिव्ह कथेसारखं रंगतं, कारण तोपर्यंत तुम्हाला कविता माहीत असते आणि ख्रिस्तोफर दाखवतो की हा प्रसंग आधी असा होता, मग कागदावर खोडलंय, मग हे नाव बदललं म्हणून पुढचा सगळा इतिहास बदलला. टीपा म्हणजे पाठभेद, कुठल्या ओळीत कुठला शब्द आधी होता वगैरे, त्या अभ्यास करणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी सोडल्या तरी चालतं.

एक अपवाद आहे. लेथियनच्या शेवटी सी. एस. लुईसचं भाष्य जोडलंय, ते अजिबात सोडू नका, ते भन्नाट आहे. डिसेंबर १९२९ मध्ये टोल्किनने तोवर झालेली कविता लुईसला वाचायला दिली, तेव्हा नार्निया वगैरे काही नव्हतं, दोघे ऑक्सफर्डमधले मास्तर. लुईसने आधी रात्री जागून वाचल्याचं आणि आवडल्याचं पत्र पाठवलं आणि मग नंतर तपशीलवार टीका पाठवली, पण मित्राला सरळ 'ही ओळ गंडलीये' असं म्हणायचं नाही म्हणून त्याने नाटक केलं की ही कविता जणू शेकडो वर्षं जुनी पोथी आहे, आणि पीबडी, पंपरनिकेल, शिक, शुफर अशा नावांचे खोटे विद्वान उभे केले, जे एकमेकांशी भांडतात की ही ओळ मूळ कवीची नसणारच, कुठल्यातरी नकलनवीसाने घुसडली असणार, मूळ पाठ असा असावा. म्हणजे स्वतः सुचवलेली ओळ 'मूळ पाठ' म्हणून दिलीये! टोल्किनने त्यातलं बरंच ऐकलं, पुष्कळ ठिकाणी ओळी बदलल्या. आपलं लिखाण मित्रांना वाचायला देणाऱ्या कोणीही हे पाहावं, टीका अशी पण करता येते.

आता ट्युरिनची कविता. इथे जरा थांबून वृत्त समजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याशिवाय ही कविता उघडत नाही. जुन्या इंग्लिशमध्ये, बेओवुल्फ वगैरे, यमक नसायचंच. ओळीचे दोन अर्धे, मध्ये किंचित थांबा, प्रत्येक अर्ध्यात दोन जोरकस ठोके, म्हणजे ओळीला चार. तिसरा ठोका म्हणजे दुसऱ्या अर्ध्यातला पहिला, तो राजा. त्याचा जो आरंभीचा आवाज असेल त्याच आवाजाने पहिल्या अर्ध्यातला एक तरी ठोका सुरू व्हायला हवा, दोन्ही झाले तर उत्तम. चौथ्याने मात्र त्यात सामील व्हायचं नाही. मराठीत मी एक ओळ करून दाखवतो, कविता म्हणून मार्क देऊ नका, फक्त आवाज ऐका: 'काळ्या कातळी, कोसळे वादळ'. काळ्या, कातळी, कोसळे हे तीन 'क', चौथा वादळ वेगळा. स्वर असेल तर कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जमतो: 'आभाळ उजळे, ओढ्याच्या काठी'. बस, एवढाच नियम. आपल्याला अनुप्रास म्हणजे कवितेवर चढवलेला दागिना वाटतो, इथे तो दागिना नाहीये, तो काढला तर ओळच उरत नाही. त्यामुळे वाचताना ते तीन समान आवाज जाणूनबुजून दाबून वाचा, मधल्या थांब्याला खरोखर थांबा, पहिल्या पन्नास-साठ ओळी नाटकी वाटेल, मग लय सापडते.

हे आणखी नीट समजून घ्यायचं असेल तर 'द फॉल ऑफ आर्थर' ह्या पुस्तकाच्या शेवटी जुन्या इंग्लिश पद्यावर टोल्किनचाच मजकूर परिशिष्टात दिलाय, समोर बसलेल्या श्रोत्यांसाठीच्या एका व्याख्यानातला, ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेला असल्यामुळे सोपा आहे. ते आधी वाचून मग ट्युरिन घ्यायला हरकत नाही.

ट्युरिनच्या कवितेच्या दोन आवृत्त्या आहेत, पहिली २,२७६ ओळींची, दुसरी नव्याने सुरू करून ८१७ ओळींवर सोडलेली. दुसरी जास्त ऐसपैस आणि सफाईदार आहे पण ती गोष्टीत फार पुढे जातच नाही. मी तरी पहिलीच वाचा म्हणेन. ह्या कवितेच्या शीर्षकात एका टप्प्यावर ड्रॅगनचं नाव होतं आणि कविता ड्रॅगनच्या गोष्टीपर्यंत पोचतच नाही, नार्गोथ्रोंड ह्या एल्फांच्या शहरातच थांबते, तेव्हा ड्रॅगनसाठी वाचायला घेत असाल तर आधीच सांगून ठेवतो. वाचायची ती ट्युरिनचा जिवलग मित्र बेलेग याच्यासाठी. ऑर्कांच्या तळावरून बेशुद्धासारख्या झोपलेल्या ट्युरिनला बेलेग आणि फ्लिंडिंग अंधारात उचलून आणतात, बेलेग त्याच्या बेड्या तोडायला लागतो, पातं घसरून ट्युरिनला बोचतं, तो दचकून जागा होतो, त्याला वाटतं ऑर्कच छळायला आलाय, आणि तो हातात येईल त्या शस्त्राने समोरच्याला मारतो, मग उजेड पडतो आणि चेहरा दिसतो. सिल्मरिलियनमध्ये हे एका परिच्छेदात उरकतं. इथे ते लांबतं, आणि त्या वृत्ताचे दाबून येणारे ठोके इथे असे बसतात की गद्यात ते होणारच नाही. त्यानंतर ट्युरिन दगड झाल्यासारखा बसून राहतो, रडतही नाही, फ्लिंडिंग त्याला हाताला धरून मैलोन्‌मैल चालवत नेतो, इव्रिनच्या झऱ्यापर्यंत, तिथे पाणी पिऊन त्याला रडू फुटतं. मला हा भाग लेथियनमधल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा वरचढ वाटतो, आणि मी हे लेथियनचा चाहता असून म्हणतोय. पहिल्या महायुद्धात जवळचे मित्र गमावलेला माणूस हे लिहितोय हे विसरता येत नाही.

अजून एक गंमत ह्या कवितेत दडलीये. मध्येच एक जण लहानग्या ट्युरिनचा प्रवास सुकर व्हावा म्हणून बेरेन-लूथिएनचं गाणं म्हणतो, ते गाणं टोल्किनने १९२५ मध्ये लीड्सच्या नियतकालिकात वेगळं छापलं होतं, आणि त्याचंच सुधारलेलं रूप पुढे लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये वेदरटॉपच्या टेकडीवर आरागॉर्न हॉबिटांना म्हणून दाखवतो. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून ताडून बघा, पंधरा मिनिटं मजेत जातात.

'शेवट नाही' ह्याचं काय करायचं? ह्या कविता वाचणाऱ्यांची मुख्य तक्रार हीच असते, आणि त्यावर तोडगा आहे. लेथियन कुठे थांबते बघा. बेरेन आणि लूथिएन सॉरॉनचा धनी मॉर्गोथ याच्या मुकुटातून सिल्मरिल हा हिरा काढून पळतायत, त्याच्या अँगबँड किल्ल्याच्या दाराशी कार्खारोथ हा राक्षसी लांडगा उभा, बेरेन हातात चमकता हिरा धरून त्याच्यावर धावतो, आणि त्या लांडग्याचे जबडे सापळ्यासारखे मिटतात, मनगटापासून हात तुटतो, हिरा त्याच्या तोंडात जातो. खलास. पुढे एका सुट्या तुकड्यात शेवटाकडच्या काही ओळी सापडतात, पण सलग कविता इथे संपते. आता ह्या ठिकाणी पुस्तक मिटून न टाकता त्याच बैठकीत सिल्मरिलियन उघडा, एकोणिसाव्या प्रकरणात हात तुटण्याचा प्रसंग शोधा आणि तिथून शेवटपर्यंत गद्यात वाचा. पद्यातून गद्यात येताना एक धक्का बसतो पण गोष्ट पुरी होते आणि रात्री झोप लागते. ट्युरिनचंही तसंच, नार्गोथ्रोंडला आलात की २००७ मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून आलेल्या गद्य 'चिल्ड्रन ऑफ ह्युरिन'मध्ये उडी मारा.

हे सगळं का थांबलं, ह्याची कारणं फारशी नाट्यमय नाहीत. पहिली सोडली दुसरीसाठी, दुसरी सुटली, तेव्हा नोकरी, परीक्षा, चार मुलं, हॉबिट असं सगळं सुरू. हॉबिट गाजल्यावर नोव्हेंबर १९३७ मध्ये त्यांनी लेथियनचे कागद ॲलन अँड अनविनला दाखवले होते, प्रकाशकाच्या वाचकाला कविता काही रुचली नाही, सोबतची गद्य पानं बरी वाटली, प्रकाशकांनी गोड शब्दांत सांगितलं की आम्हाला हॉबिटांबद्दल अजून हवंय, आणि त्याच डिसेंबरात टोल्किन लॉर्ड ऑफ द रिंग्जचं पहिलं प्रकरण लिहायला बसले. आता त्या वाचकाला शिव्या घालायच्या की पेढे द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यांनी कवितेचा नाद सोडला नाही, लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहून झाल्यावर १९५० च्या आसपास ते परत लेथियनकडे वळले आणि सुरुवातीपासून नव्याने लिहायला लागले. तो भागही ह्याच पुस्तकात शेवटी आहे. दुसऱ्या सर्गातला बेरेनच्या टोळीतल्या गॉर्लिमच्या फितुरीचा प्रसंग दोन्ही ठिकाणी वाचून बघा, तरुणपणीचा टोल्किन आणि साठीकडे झुकलेला टोल्किन यांच्या हातात काय फरक पडला ते लगेच कळतं, नंतरचा कमी शब्दांत जास्त भीती घालतो. हे पुनर्लेखनसुद्धा अर्धवटच राहिलं हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना टीपांचा खरंच कंटाळा आहे त्यांनी २०१७ चं 'बेरेन अँड लूथिएन' घ्यावं, त्यात लेथियनचे मोठाले भाग गोष्टीच्या क्रमाने लावलेत, ॲलन ली यांची चित्रं आहेत, भाष्य कमी. ऑडिओबुकही आहे, टिमोथी वेस्ट आणि सॅम्युएल वेस्ट ह्या बापलेकांच्या आवाजात, मोठ्याने वाचायला घरात जागा किंवा धीर नसेल तर ते ऐका. २०२४ मध्ये तीन खंडांत 'कलेक्टेड पोएम्स' आलंय, महाग आहे, आणि ह्या दोन लांब कविता त्यात पूर्ण मिळत नाहीत, नमुन्यादाखल भाग आहेत, तेव्हा फक्त ह्यांच्यासाठी घेऊ नका.

लेज ऑफ बेलेरियांड पचलं तर पुढची पायरी 'द फॉल ऑफ आर्थर', २०१३ मध्ये आलेलं. मिडल-अर्थशी थेट संबंध नाही, आर्थर राजाची गोष्ट, पण तेच अनुप्रासाचं वृत्त आणि इथे ते टोल्किनच्या हातात पूर्ण बसलेलं. ओळी ९५४ फक्त, चार सर्ग पूर्ण आणि पाचवा सुरू होऊन सुटलेला, दोन संध्याकाळींत होतं. इथे आर्थर रोमवर नाही तर पूर्वेकडे सॅक्सन लोकांवर चाल करून जातो, मागे मॉर्ड्रेड राज्य आणि राणी दोन्हींवर डोळा ठेवून, आणि लॅन्सलॉट बेनविकमध्ये रुसून बसलेला, बोलावणं येईल म्हणून वाट बघत. समुद्रावरची लढाई चौथ्या सर्गात आहे, ती मोठ्याने वाचली नाहीत तर पैसे फुकट. १९३४ मध्ये आर. डब्ल्यू. चेंबर्स ह्या जाणत्या प्राध्यापकाने ही कविता ट्रेनमध्ये वाचली आणि काहीही करून पूर्ण करा म्हणून टोल्किनला लिहिलं, तरी झाली नाहीच. पुस्तकात ख्रिस्तोफरचे तीन लांब निबंध आहेत, त्यातला सिल्मरिलियनशी नातं सांगणारा निबंध आवर्जून वाचा, कारण तिथे टोल्किनच्या नोंदींमधून कळतं की लॅन्सलॉट उशिरा पोचणार होता आणि आर्थरच्या मागे पश्चिमेला गलबत घेऊन जाणार होता, कायमचा, आणि मग सिल्मरिलियनमधल्या, तसाच पश्चिमेला गेलेल्या दर्यावर्दी एआरेंडेलची आठवण होतेच. बाकीचे दोन निबंध आर्थरच्या जुन्या साहित्यावर आणि मसुद्यांवर आहेत, हौस असेल तर.

आणि अर्धवटपणाने अगदीच वैतागला असाल तर २००९ चं 'लेजंड ऑफ सिगुर्ड अँड गुड्रून' घ्या. त्यातल्या दोन्ही कविता पूर्ण आहेत, जुन्या नॉर्स पद्धतीच्या आठ छोट्या ओळींच्या कडव्यांत, ड्रॅगन आहे आणि तो मरतोसुद्धा. फक्त फार तुटक आहे, दोन कडव्यांच्या मध्ये काय झालं ते बऱ्याचदा आपणच जुळवायचं, म्हणून हे पहिलं घेऊ नका, कान लेथियनवर तयार झाल्यावर घ्या, आणि प्रत्येक भागाची गोष्ट ख्रिस्तोफरने मागे टिपणांत समजावून दिलीये, अडलात तर बिनधास्त तिथे बघा.